मशीन घेण्याआधीचे वर्ष : यवतमाळ जिल्ह्यातील एका डाळ उद्योगाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात तूर हे बहुधा कपाशीतले आंतरपीक असते. जून-जुलैत पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत कापणीला येते, खळ्यावरून थेट बाजार समितीत जाते आणि तीच कुटुंबे चार महिन्यांनी किराणा दुकानातून डाळ किलोने विकत आणतात. पूर्वी तूर भिजवून, वाळवून घरच्या जात्यावर भरडली जाई. ते कष्ट बायकांच्याच वाट्याला येत असल्यामुळे ती पद्धत मागे पडली याची हळहळ गावात कोणी करत नाही. मात्र कच्ची तूर विकताना मिळणारा भाव आणि डाळ घेताना मोजावा लागणारा भाव यांतील फरक प्रत्येक घराला ठाऊक आहे. या प्रकरणातील बारा महिलांच्या बचतगटाला डाळमिलची कल्पना सुचली ती या फरकातूनच.

गट ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला, सात वर्षे जुना, बँकेचे कर्ज वेळेवर फेडणारा. अध्यक्षा आणि सचिव दोघींच्या घरी चार-पाच एकर शेती; उरलेल्यांपैकी निम्म्या जणी शेतमजुरी करणाऱ्या. गटाचे, गावाचे आणि ज्या उद्योग संगोपन केंद्राने त्यांना साथ दिली त्याचे नाव येथे दिलेले नाही. गटाच्या रकमा सोयीसाठी पूर्णांकात घेतल्या आहेत.

हे केंद्र तालुक्याच्या गावी एका सहकारी संस्थेच्या रिकाम्या गोदामात चालते. प्रभागसंघातील, म्हणजे परिसरातील बचतगटांच्या संघातील, महिला, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, एक निवृत्त बँक अधिकारी आणि किराण्याचे एक ठोक व्यापारी अशी त्याची समिती आहे. गोदामात चाळणी यंत्र, मिनी डाळमिल, वजनकाटा आणि पिशव्या सील करण्याचे यंत्र आहे. डाळमिल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या धर्तीची आहे. नव्या उद्योगाला येथे अठरा महिने राहता येते. यंत्र वापरायचे तर किलोमागे शुल्क द्यावे लागते, कारण फुकट मिळालेल्या सोयीचा हिशेब कोणी ठेवत नाही, असे समितीचे मत आहे. या तत्त्वाशी मी सहमत आहे. शुल्क किती असावे याबद्दल मात्र पुढे लिहिले आहे.

अडचण

२०२३ च्या दिवाळीनंतर गट केंद्रात आला तेव्हा त्याला मार्गदर्शनाची फारशी अपेक्षा नव्हती. त्यांच्या हातात तयार प्रकल्प अहवाल होता आणि बँकेत वजन पडावे म्हणून केंद्राचे शिफारसपत्र हवे होते. पहिल्याच बैठकीत अध्यक्षा म्हणाल्या, “सर, आमाले ट्रेनिंग नोको, मशीन पाह्यजे.” त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. शिलाई, मसाले, गांडूळखत, मेणबत्त्या अशी अनेक प्रशिक्षणे गटाने आजवर घेतली होती आणि प्रमाणपत्रांखेरीज त्यांतून काही हाती लागले नव्हते.

अहवाल यंत्रविक्रेत्याने करून दिलेला होता. डाळीला चकाकी देणाऱ्या पॉलिशरसह मोठा संच, शेड आणि वीजजोडणी मिळून खर्च १४ लाख रुपये. केंद्र शासनाच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत, म्हणजे २०२० साली सुरू झालेल्या पीएमएफएमईमध्ये, त्या वेळी पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळत होते. त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये होती. त्या हिशेबाने ४ लाख ९० हजार रुपये अनुदान, १ लाख ४० हजार गटाचा वाटा आणि बाकीचे कर्ज असा आराखडा होता. अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत अडकून राहते आणि कर्जखाते सुरळीत असेल व उद्योग चालू असेल तर तीन वर्षांनी कर्जात वळते होते, ही गोष्ट बारापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. विक्रेत्याने ‘पाच लाख सूट’ एवढेच सांगितले होते.

खरी गोम मात्र एका ओळीत होती. मिल वर्षातून ३०० दिवस, रोज आठ तास चालेल असे गृहीत धरून सगळा नफा मांडलेला होता.

पर्याय आणि त्यांची तुलना

केंद्राच्या सल्लागाराने अहवाल चांगला की वाईट यावर मत दिले नाही. त्याने ती ओळ फळ्यावर लिहिली आणि बायकांना विचारले की, वर्षात तूर उन्हात किती दिवस वाळवता येते. डाळ करताना तेल-पाणी लावलेली तूर दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी लागते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत ते शक्य नाही. ऑक्टोबर ते जानेवारी कापूस वेचणी, तेव्हा बाई माणूस मिळत नाही आणि त्यातला बहुतेक काळ नवी तूरही आलेली नसते. उरतात फेब्रुवारी ते मे आणि जूनचा पहिला पंधरवडा. सणवार, लग्ने आणि वीज नसलेले दिवस वजा जाता आकडा १२० च्या वर जाईना. हा आकडा बायकांनी स्वतः काढला.

मग हप्ता मांडला गेला. अनुदानाची रक्कम बाजूला ठेवली तरी ७ लाख ७० हजारांवर, ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर, महिन्याला साधारण १७ हजार रुपये. वर्षाचे दोन लाख. शेतकऱ्यांची तूर मजुरीने भरडून दिली तर त्या भागात किलोला ७ रुपये मिळत. वीज, तेल आणि मजुरी जाऊन त्यातले ३ रुपये उरतील असे मानले तरी केवळ हप्त्यासाठी वर्षाला सुमारे ६७० क्विंटल तूर हवी. घरच्या डाळीसाठी एक कुटुंब क्विंटल-दीड क्विंटल आणते. म्हणजे साडेचारशेच्या वर घरे यायला हवीत आणि रोज साडेपाच क्विंटल तूर वाळायला जागा हवी. गावाची घरे दोनशेही नव्हती.

यानंतर चर्चा चार वाटांवर झाली. लगेच कर्ज काढून मोठा संच घेणे ही पहिली. केंद्राच्या मिनी डाळमिलवर एक हंगाम फक्त मजुरीने काम करणे ही दुसरी. यात साठ्याची जोखीम नाही, पण कमाईही बेताची. तिसरी वाट त्याच यंत्रावर स्वतः तूर विकत घेऊन डाळ विकण्याची होती, ज्यात नफा जास्त दिसत होता आणि खेळते भांडवल लागणार होते. उत्पादक कंपनीसाठी तूर गोळा करून देण्याची चौथी सूचना फारशी टिकली नाही, कारण ते काम कंपनी आधीच गावातील दोन तरुणांकडून करून घेत होती.

गटाने दुसरी वाट मुख्य आणि तिसरी अल्प प्रमाणात, अशी जोड घातली. निर्णय एकमताने झाला नाही. अनुदान योजना बंद होईल ही भीती खरी होती आणि ती घालवण्यासारखे उत्तर केंद्राकडे नव्हते. एका हंगामाचा हिशेब हाती असेल तर बँक तुमच्या वह्या पाहून कर्ज देईल, शिफारसपत्राची गरज पडणार नाही, एवढेच निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सांगितले.

पहिला हंगाम : फेब्रुवारी ते मे २०२४

कागदपत्रे सर्वांत सोपी निघाली, तरी त्यांचा उल्लेख करणे भाग आहे. अन्न परवान्यासाठी एका दलालाने गटाकडे काही हजार रुपये मागितले होते. त्या वेळी १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी पुरत होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी तर विनाशुल्क आहे. केंद्रातील संगणकावर सचिवताईंनी दोन्ही अर्ज स्वतः भरले. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो, हेही तेव्हाच पक्के झाले.

कठीण गेली ती डाळ. पहिल्या खेपेत क्विंटलभर तुरीतून ६१ किलो डाळ निघाली. बाकीचा माल कणी, चुरी आणि टरफल. केंद्राने अकोल्याच्या डाळमिलांत हयात घालवलेल्या एका मिस्तरींना बोलावले. त्यांनी यंत्राला हातही न लावता आधी पोत्यातली तूर सुपात ओतली. पांढरी, लाल, टपोरी, बारीक सगळी एकत्र होती. रोलरमधील फट टपोऱ्या दाण्याला बेतली तर बारीक दाणा न सोलता निसटतो, बारीक दाण्याला बेतली तर टपोरा फुटतो. चाळणीने प्रतवारी करून प्रत्येक प्रत वेगळी चालवायची, पहिल्या फेरीत टरफलावर नुसता ओरखडा पाडायचा, मग तेलाचा हात लावून रात्रभर झाकून ठेवायचे, उन्हात वाळवायचे आणि पाण्याचा हलका हबका देऊन पुढची फेरी, असा क्रम त्यांनी बसवून दिला. वाळले की नाही हे ओळखण्यासाठी ओलावा मोजायचे यंत्र केंद्रात होते, पण मिस्तरीभाऊंनी दाणा दाताखाली धरायला शिकवले. कट्‌कन दुभंगला तर वाळला, दबला तर आणखी एक दिवस ताडपत्रीवर. तिसऱ्या आठवड्यापासून डाळ ७० ते ७१ किलोंवर स्थिरावली.

या दहा किलोंचे मोल पुढील हिशेबावरून कळेल. तेव्हा तूर क्विंटलला १० हजारांच्या आसपास होती. प्रक्रियेचा खर्च ६०० रुपये आणि चुरी-टरफल विकून आलेले ४०० रुपये धरले तर ६१ किलो उताऱ्याला डाळ १६७ रुपये किलोने घरात पडते आणि ७१ किलो उताऱ्याला १४४ रुपयांनी. गट विकत होता १५५ रुपयांनी. कर्जाचा हप्ता सुरू असताना हे शिक्षण मिळाले असते तर पहिला महिनाच भारी पडला असता. माझ्या मते केंद्राच्या सामायिक यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग येथे झाला.

विक्रीत अंदाज चुकले. बिनपॉलिशची डाळ फिकी दिसते; आठवडी बाजारात गिऱ्हाईक तिला जुनी डाळ समजून पुढे जाई. नागपूरच्या एका बचतगट प्रदर्शनात ती हातोहात खपली, पण तेथील ग्राहकांनी पुन्हा मागणी केली तेव्हा पाच किलो डाळीचा कुरिअर खर्चच नफा खाऊन गेला. किराणा दुकानदार माल ठेवायला तयार होते, तेही महिन्याच्या उधारीवर. शेवटी टिकले ते तालुक्याच्या गावातील नोकरदारांच्या वसाहतीतले गिऱ्हाईक. प्रत्येक घरी आधी अर्धा किलो डाळ देऊन, वरण शिजवून पाहा आणि मग सांगा, असे सचिवताईंनी सुचवले आणि त्यातून महिन्याला पाच किलो घेणारी घरे बांधली गेली. हंगामाअखेर मजुरीने ६० क्विंटल तूर भरडून झाली होती. त्याचे ४२ हजार आले, पैकी केंद्राचे शुल्क किलोला २ रुपयांप्रमाणे १२ हजार गेले.

साठ्याचा निर्णय : जून-जुलै २०२४

या प्रकरणातील सर्वांत अवघड वळण हे होते. तुरीचे भाव चढत ११ हजारांवर गेले होते. नियमित काम करणाऱ्या पाच जणींना पीएमएफएमईमधून प्रत्येकी ४० हजारांचे बीज भांडवल प्रभागसंघामार्फत मिळाले होते आणि गटाला साडेतीन लाखांचे बँक कर्ज मंजूर होते. एकूण साडेपाच लाख. ५० क्विंटल तूर आताच घेऊन दिवाळीपर्यंत ठेवली तर भाव आणखी वाढेल, असे बहुतेकींना वाटत होते आणि समितीतील व्यापाऱ्यांचेही तेच मत होते. ते बाजारातले जाणते असल्याने त्यांच्या शब्दाला वजन होते.

निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विरोध केला. त्या खरिपात देशभर तुरीचा पेरा वाढल्याच्या बातम्या होत्या, पाऊस चांगला होता आणि मोझांबिक, टांझानिया, म्यानमारहून शुल्कमुक्त आयात सुरू होती. जानेवारीत नवे पीक येताच भाव पडू शकतो, आणि भाव ओळखण्यावर कमाई अवलंबून असेल तर हा डाळीचा उद्योग न राहता तुरीचा सट्टा होतो, असे ते म्हणाले. केंद्राने गटाला निर्णय सांगितला नाही, तो घेण्याची रीत सुचवली: आजवरच्या विक्रीवरून सहा आठवड्यांत किती डाळ खपते ते पाहा आणि तेवढीच तूर घ्या. या कसोटीने दहाच क्विंटल येत होते. गटाने तडजोड करून २० क्विंटल घेतली.

जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये तूर ७,५५० रुपयांच्या हमीभावाच्या आसपास आणि अनेक बाजारांत त्याखाली आली. शुल्कमुक्त आयातीची मुदतही मार्च २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. गटाकडे तोवर सहा क्विंटल जुनी तूर शिल्लक होती. तिची डाळ १५८ रुपयांनी पडत होती आणि ती १२० ने विकावी लागली. तोटा १६ हजार रुपये. ५० क्विंटल घेतली असती तर ३६ क्विंटल उरली असती आणि तोटा लाखाच्या घरात गेला असता. गटाची सात वर्षांची बचतही त्यात गेली असती.

यानंतर गटाने खरेदीची पद्धत बदलली. सभासदांच्याच घरची तूर घ्यायची, आणताना साठ टक्के रक्कम द्यायची आणि डाळ विकल्यावर त्या वेळच्या भावाने उरलेली चुकती करायची. मार्चअखेर पीककर्ज भरायचे असल्याने घरातील पुरुषांना एकरकमी पैसे हवे असतात. त्यामुळे सगळ्या घरांनी हे मान्य केले नाही. सात घरांनी केले.

कामाचा आणि नफ्याचा वाद

बारा जणींच्या गटात मिलवर रोज येणाऱ्या पाचच होत्या. पहिल्या हंगामाचा नफा वाटायची वेळ आली तेव्हा, गट सर्वांचा म्हणून वाटणी समान, असे सात जणींचे म्हणणे पडले. उन्हात ताडपत्रीवर तूर पालथी करणाऱ्या पाच जणींना ते पटले नाही. बैठका लांबल्या, एका बैठकीतून दोघी उठून गेल्या. शेवटी असे ठरले की आधी कामाच्या दिवसाची मजुरी, शेतमजुरीच्या चालू दराने, आणि उरलेला नफा गुंतवलेल्या पैशाच्या प्रमाणात. दोघींनी डाळीच्या व्यवसायातून अंग काढून घेतले, बचतगटात मात्र त्या आजही आहेत.

परिणाम

गटाने १४ लाखांचा संच घेतला नाही. स्वतःच्या वर्षभराच्या वह्या दाखवून चार लाखांच्या आत बसणारी मिनी डाळमिल आणि चाळणी यंत्र त्याच योजनेतून घेतले, पॉलिशर वगळला. बँकेच्या अधिकाऱ्यांनी वह्या पाहून विचारलेला पहिला प्रश्न उताऱ्याचा होता आणि त्याचे उत्तर अध्यक्षाताईंनी खेपनिहाय दिले. मार्च २०२५ मध्ये यंत्र गावातील भाड्याच्या शेडमध्ये बसले. थ्री-फेज वीजजोडणी मात्र जूनमध्ये मिळाली, तोवर हंगाम सरला होता. त्या वर्षीही तूर केंद्रातच न्यावी लागली आणि वाहतुकीचा खर्च दोनदा पडला. पावसाळ्यानंतर मूग-उडीद आणि पुढे हरभरा भरडून यंत्र चालण्याचे दिवस वाढवण्याचा प्रयत्न गटाने सुरू केला. २०२६ चा तुरीचा हंगाम हा स्वतःच्या यंत्रावरचा पहिला पूर्ण हंगाम ठरणार होता.

पाच जणींना वर्षातून चार महिने मजुरी मिळते आणि वर थोडा नफा उरतो. याला मोठे यश म्हणता येणार नाही, पण हप्ता थकलेला नाही.

काय वेगळे करता आले असते

वीजजोडणीचा अर्ज गट केंद्रात आला त्याच वर्षी करायला हवा होता. जागा निश्चित नसताना अर्ज करता येत नाही हे खरे, पण केंद्राच्या तपासणी यादीत शेडचा करार आणि वीज हे मुद्दे यंत्राच्या नंतर होते. ते आधी असते तर एक हंगाम वाचला असता.

मजुरी आणि नफ्याचा नियम पहिले पोते उघडण्याआधी लिहून घ्यायला हवा होता. बचतगट बचतीसाठी बनतो. तेथील समानता धंद्यात तशीच लागू पडत नाही, हे इतर गटांच्या अनुभवावरून केंद्राला माहीत होते. सुरुवातीलाच वाद नको म्हणून तो विषय पुढे ढकलला गेला आणि पैसे समोर असताना तो जास्त चिघळला.

किलोला २ रुपये हे शुल्क फार कमी होते. वीज, झीज आणि रोलरवर पुन्हा एमरीचा (खरखरीत दगडी भुकटीचा) थर चढवण्याचा खर्च धरला तर यंत्राचा खरा खर्च जवळपास दुप्पट येतो. त्यामुळे पहिल्या हंगामाचा नफा फुगलेला दिसला आणि स्वतःचे यंत्र आल्यावर तोच धंदा अचानक कमी परवडू लागला. सवलत द्यायचीच असेल तर पावतीवर पूर्ण दर लिहून त्यातून सवलत वजा करून दाखवावी, असे मला वाटते.

चौथा मुद्दा नाजूक आहे. साठा करण्याचा सल्ला देणारे व्यापारी समितीत होते आणि पुढे गटाची डाळही ते विकत घेत होते. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्यास कोणतेही कारण नाही. नोकरदारांच्या वसाहतीतील ओळखी त्यांनीच करून दिल्या. तरीही ज्याचा व्यवहारात हितसंबंध आहे त्याने तो बैठकीत आधी सांगावा आणि इतिवृत्तात नोंदवावा, असा नियम तेव्हा नव्हता. समितीने तो २०२५ मध्ये केला. आता केंद्रात येणाऱ्या प्रत्येक गटाकडून पहिल्या महिन्यातच वाटणीचा करार लिहून घेतला जातो आणि जागा ठरल्याबरोबर वीजजोडणीचा अर्ज भरला जातो. शुल्काचा दर वाढवण्यावर मात्र समितीत अजून एकमत झालेले नाही.